वेशीवरून डावीकडं

धरणाचं पाणी गावावर येऊन दोन पावसाळे झाले होते. आम्ही जेऊरच्या बाजूला वरच्या माळावर झोपड्या घालून राहत होतो. जमीन गेली, घर गेलं. राहिली ती एक होडी. तीसुद्धा विकत घेतलेली नव्हे. गाव सोडताना मालकांनी घराचं दार आणि माळवदाच्या फळ्या काढून बैलगाडीत घातल्या होत्या. सुताराकडून त्यांचीच होडी करून घेतली. मासे धरायचे, माणसं पलीकडं सोडायची, त्यावर चूल पेटायची. होडी गेली तर आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं. हे एवढं आधीच सांगते, म्हणजे त्या दिवशी माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल.

मालकांच्या पायात पाण्यातल्या बाभळीचा खुंट घुसला होता. पाय सुजून लाकूड झालेला, ते खाटेवर पडून. होडी काठावर पालथी. अशात सकाळी एक माणूस सायकलवरून आला. पांढरा सदरा, पायात बूट, कपाळावर घाम. कधी पाहिलेला नाही.

"वहिनी, होडी हवी होती. दिवस मावळायच्या आत आणून देतो."

"होडी हाय, वल्हवणारा पडलाय की," मी म्हणाले.

"मी वल्हवतो. पलीकडं बहीण आजारी आहे. एसटीनं वळसा घालून गेलो तर रात्र होईल."

मला वल्हवता येत होतं. पण परक्या पुरुषाला घेऊन एवढ्या पाण्यात जायचं, तेही भर दिवसा, सगळा माळ बघत असताना? गावाच्या तोंडाला कुणी हात लावायचा? ते मनातून काढून टाकलं. मग राहिलं एकच, होडी त्याच्या हाती द्यायची.

"पाव्हणं, कुठले तुमी?"

"सोलापूरचा."

बस, एवढंच. सोलापूर काय एका घराचं नाव आहे? मी तोंडानं फटकळ, चार प्रश्न आणखी विचारले असते, पण त्याचे डोळे सारखे पलीकडच्या काठाकडं जात होते. आजारी बहिणीचं खोटं कुणी सांगेलही. पण असे डोळे कुठून आणेल?

आत जाऊन मालकांना विचारलं. ते म्हणाले, "परका माणूस. बुडाला तर आपल्या गळ्यात. होडी घेऊन तिकडंच विकली तरी आपल्या गळ्यात."

"आणि बहीण मेली तर?"

मालकांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मग म्हणाले, "तुला काय वाटतं ते कर. मला लई दुखतंय."

हे त्यांचं नेहमीचं. जोखमीचं काम आलं की दुखायला लागायचं.

बाहेर त्यानं आपणहून सांगितलं, "सायकल ठेवून जातो. परत येईपर्यंत तुमच्याकडं."

मला ते पटलं. मी वल्ही दिली, पाणी उपसायचा डबा दिला, आणि नीट समजावून सांगितलं, जसं आम्ही एकमेकांना सांगायचो. "हितनं सरळ वेशीवर जायचं. वेस लागली की डावीकडं, मारुतीच्या मागनं. सरळ न्हायतर उजवीकडं अजिबात जाऊ नका, तितं बाभळी हायत, फळी फोडतील. थोरली विहीर सोडली की मोकळं पाणी."

"बरं," म्हणाला आणि गेला.

मी सायकल झोपडीला टेकवायला गेले. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. जेऊरच्या स्टेशनजवळच्या दुकानातली भाड्याची सायकल. म्हणजे भाड्यानं दिलेल्या होडीला भाड्याचीच सायकल तारण. अगं बाई, शहाणी समजत होतीस ना स्वतःला, मी मलाच म्हणाले.

तोवर दुसरी गोष्ट ध्यानात आली. वेस, मारुती, विहीर, सगळं पाण्याखाली. वर नुसतं सपाट पाणी. आम्हाला ते दिसायचं, कारण त्या वाटेनं आम्ही जन्मभर चाललो. पाण्यावर गेलं तरी आम्ही गावातूनच जायचो. पण सोलापूरच्या माणसाला वेस कुठली दिसणार? मी त्याला नसलेल्या गावातून वाट सांगितली आणि त्यानं मान डोलावली.

मी काठाकाठानं पळत सुटले. हाका मारल्या. वारा माझ्याकडंच येत होता, हाक कुठं जाणार. होडी सरळ चालली होती. आणखी थोडी गेली की बाभळीचा पट्टा. पाण्याखाली हातभर खोल खुंट, फळी फुटली की होडी बसते आणि माणूस काट्यात अडकतो. पोहता येत असलं तरी काय उपयोग? मी काठावर खालीच बसले. त्याची बहीण आठवली, मग आमची चूल आठवली. खरं सांगते, त्या क्षणी मला आधी चूलच आठवली होती.

होडी वेशीवर आली. आणि थांबली.

मग डावीकडं वळली.

बरोब्बर तिथंच. मारुतीच्या मागनं गेली, विहिरीला वळसा घातला आणि मोकळ्या पाण्याला लागली. हे आमच्या गावच्या माणसाशिवाय कुणाला जमलं नसतं. आणि आमच्या गावचं प्रत्येक माणूस मी ओळखत होते. भीती गेली नाही, नुसती बदलली. हा माणूस कोण?

दिवसभर भाकरी गोड लागली नाही. ऊन उतरलं तेव्हा होडी परत आली, तशीच डावीकडनं. त्यानं ती वर ओढली, पाणी उपसलं, डबा पालथा घातला.

"पाव्हणं, आता खरं सांगा. तुमाला वेस कशी ठाऊक?"

त्यानं होडीत बोट दाखवलं. बसायच्या जागेसमोर आमच्या दाराची फळी होती. पायानं डांबर घासून गेलं होतं आणि खालचा लाल आकडा वर आला होता. धरणाच्या मोजणीत घरांवर घातलेला.

"हा माझ्या हातचा आहे," तो म्हणाला. "तुमचं गाव मीच मोजलं, वहिनी. घरं, झाडं, विहिरी. जाताना सगळा वेळ तो आकडा पायापाशी होता."

मोजणी झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. पण त्या मोजणीवाल्याला सासूबाईंनी मरेपर्यंत शिव्या दिल्या. त्याच्या हाताला किडे पडोत, म्हणायच्या. मीही म्हणायची.

"सकाळी का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर होडी दिली असती?"

"न्हाय."

त्यानं वल्ही माझ्यापुढं धरली. मी ती घेतली. साठवलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर होत्या.

"बहीण कशी हाय?" मी विचारलं.

"डोळे उघडले तिनं."

भाडं देऊन तो सायकलवर बसला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मालक होडीला डांबर लावत होते. मी म्हणाले, "ती आकड्याची फळी सोडा." ते म्हणाले, येडी का काय, पाणी येईल. मी म्हणाले, येऊ दे, तेवढंच घर राहिलंय. त्यांनी सोडली. त्या फळीच्या सांध्यातून कायम पाणी झिरपायचं. मालक वल्हवायचे आणि मी डब्यानं उपसत बसायची.