लांबून केलेलं बारसं

“काय हो कप्तान, खाली उतरला होतात का?”

दुरुस्तीला नवा नकाशा आला, की काकू तो टेबलावर पसरून आधी हा प्रश्न विचारायच्या. नकाशे पुरातन; युरोपातून पॅसिफिकमध्ये गेलेल्या जहाजांनी केलेल्या पाहणीवरून छापलेले. किनारा दिसला तिथे रेघ, धुक्यात हरवला तिथे कोरी जागा. एखाद्या बेटाला कुणा राजाचं नाव दिलेलं दिसलं, की काकूंचं ठरलेलं असे, “लांबूनच बारसं उरकलं मेल्यांनी. तिथल्या माणसांना विचारलं का?”

मेलेल्या माणसांशीही भांडण उकरून काढणारी अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. सिएटलच्या एका जुन्या नकाशांच्या दुकानात मी गल्ल्यावर बसायची, काकू आतल्या खोलीत. ऐंशीच्या दशकात तिथे दोन मराठी बायका एका छपराखाली कामाला असणं ही नवलाईच होती. फाटलेल्या नकाशाला मागून पातळ कागद लावायचा, तोही गव्हाच्या खळीने. खळ शिजत आली की काकू म्हणायच्या, मीठ घातलं की झाली पेज. एकदा त्यांनी खरोखरच मीठ-तूप घालून ती म्हाताऱ्या अमेरिकन मालकाला खायला लावली. बिचाऱ्याने वाटी संपवली.

काका विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, घर सिएटलजवळ बॉथेलला. एकुलत्या एका लेकीने अमेरिकन मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिचा विषय घरात काढू दिला नव्हता. जगातल्या झाडून सगळ्या कप्तानांना फैलावर घेणारी ही बाई घरी मात्र गप्प बसायची. याचा मला तेव्हा राग यायचा. आता फार वाईट वाटतं.

लेक टेक्ससला, शुगर लँडमध्ये. तिला मुलगी झाली. बारशाला जायचं म्हणून काकूंनी विमानाचं तिकीट काढलं आणि काकांनी ते कॅन्सल केलं.

“म्हणाले, गेलीस तर तिकडेच राहा,” काकूंनी मला एवढंच सांगितलं आणि खळ ढवळायला घेतली.

बारशाच्या दिवशी त्या नेहमीसारख्या कामावर आल्या. दुपारी मालकाला विचारून दुकानातून फोन लावला. बाळाची आत्या अमेरिकन, ती काय कुर्र करणार? मग काकूंनीच लेकीला रिसीव्हर बाळाच्या कानाशी धरायला सांगितलं.

“कुर्र... द्वारका.”

लाइन खराब होती. कानात हळूच सांगायचं नाव त्यांना पुन्हा पुन्हा ओरडून सांगावं लागलं. मालकाला काही कळलं नाही, पण त्याने टाळ्या वाजवल्या.

फोन ठेवून काकू म्हणाल्या, “मीही लांबूनच उरकलं गं.” हसायला गेल्या आणि रडू फुटलं. टेबलावरच्या नकाशावर पाणी पडू नये म्हणून त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि तिथे उभ्या राहून रडल्या.

पुढे हिवाळा सरता सरता एका सकाळी काकू कामावर आल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या. लेक बाळाला नवऱ्याजवळ ठेवून एकटीच आली. अंत्यविधीला बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत आणि ती संध्याकाळच्या विमानाने परत गेली. नात काकूंनी कधी पाहिलीच नाही.

काही दिवसांनी काका दुकानात आले, पहिल्यांदाच. काकूंचा स्वेटर आणि चष्मा न्यायचा होता. अर्धवट राहिलेला नकाशा टेबलावर तसाच होता. ही इथे नेमकं काय करायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना नकाशा उलटा करून मागचा जोड दाखवला. त्यांनी मान हलवली. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

“मुलीचं... म्हणजे नातीचं नाव काय ठेवलंय? तुला माहीत असेल.”

“द्वारका. काकूंनीच ठेवलं.”

काका दारातून पुन्हा टेबलापाशी आले.

“माझ्या आईचं नाव आहे ते,” ते म्हणाले. “मला बोलली नाही ती.”

तुम्ही बोलू दिलंत कुठे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते स्वेटर पोटाशी धरून काकूंच्या स्टुलावर खाली बसले, आणि मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.