ओल्या पाइपचा सांधा

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून परसातला माशांचा हौद उपसायचा धीर होत नव्हता. घरी बनवलेल्या फिल्टरचा सांधा मी दोनदा ओल्या पाइपवरच सोल्युशन लावून चिकटवला. दोन्ही वेळा मिनिटाला चाळीस थेंब गळले.

सासरहून लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मासे विहिरीत सोडा की आता. एकट्यानं किती खटपट करता!"

"बघतो," म्हणालो. बायको गेल्यापासून माझी चाहूल ओळखणारे घरात तेवढेच उरले होते.

शेवटी मासे टबात काढले, हौद उपसला, पाइप दिवसभर वाळवला आणि सांधा शंभर मोजेपर्यंत दाबून धरला. दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर हौद भरला. सांधा कोरडा राहिला. मासे सोडून काठाशी बसलो. थोड्या वेळानं अकराच्या अकरा मासे शेपट्या हलवत माझ्या बाजूला वर आले.