सुलेखाच्या श्वासनळीतली नळी

शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेल्या सुलेखाला तीन वर्षांमागं शेतात विषारी मण्यार चावली. अठरा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. वाचली, घरी आली, पण महिनाभरात श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दम्याची औषधं झाली, फरक पडला नाही. शेवटी शहरातल्या छातीच्या डॉक्टर उजमा मॅडमनी दुर्बीण घालून पाहिलं. व्हेंटिलेटरच्या नळीनं श्वासनळीला आतून जखम झाली होती आणि ती भरताना वाट आकसली होती. मॅडमनी वाट रुंद करून आत सिलिकॉनची बोटभर नळी बसवली.

“दिवसातून तीनदा मशीननं सलाईनची वाफ घ्यायची. नाहीतर कफ नळीत वाळून बसेल,” त्या म्हणाल्या. “आणि हे कार्ड कायम जवळ ठेव.” कार्डावर नळीची माहिती आणि मॅडमचा नंबर होता.

बरं वाटू लागलं तशी सुलेखाची दुपारची वाफ सुटली. मशीन कारखान्यात न्यायची तिला लाज वाटे.

मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिला खोकल्याची उबळ आली. कफ निघेना, श्वास अडकला. मैत्रीण रूपानं तिला कारखान्याच्या गाडीतून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर घशात नळी घालायची तयारी करू लागले. सुलेखाला बोलता येईना. तिनं त्यांचा हात घट्ट धरला अन् पर्स रूपाकडं ढकलली.

“थांबा डॉक्टर!” रूपा कार्ड काढून ओरडली. “हिच्या आत आधीच नळी हाय!”

डॉक्टरांनी मॅडमना फोन लावला. वरून दुसरी नळी घातली तर आतली सरकेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलं तसा ऑक्सिजन लावून ते स्वतः अॅम्ब्युलन्समधून मॅडमच्या दवाखान्यापर्यंत सोबत गेले.

मॅडमनी दुर्बिणीतून वाळलेला कफ काढला. नळीच्या काठाशी मांस वाढलं होतं, तेही काढलं.

“वाफ सोडली होतीस?”

“व्हय. दुपारची. बायका बघतील म्हणून.”

“बघू देत की,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मग ती रोज दुपारी कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत वाफ घेऊ लागली. रूपा तिथंच डबा खायची.

दीड वर्षानं मॅडमनी नळी काढली. तीन दिवस वॉर्डात ठेवून पुन्हा पाहिलं. वाट उघडीच होती.

नवरा साहेबराव मोटारसायकल घेऊन खाली उभा होता. “घरी ना?”

“आधी गुलमंडीच्या बाजारात. साडी घ्यायचीय.”

दुकानात तिनं वीस साड्या उलगडायला लावल्या. साहेबराव एरवी पाच मिनिटांत कंटाळायचा. त्या दिवशी चहा मागवून निवांत बसला.