मापटंभर कोंड्याचा सौदा

माझ्या बायकोने मला फसवले. आमच्या शेजारच्या म्हातारीने तिला साथ दिली. दोघींनी मिळून माझा पाच दिवसांचा मुलगा मापटंभर कोंड्याला विकला आणि मला दोन महिने त्याचा वास लागू दिला नाही. मी बैलांचा व्यापारी आहे. राहात्याच्या बाजारात मला आजवर कोणी खोडीचा बैल चांगला म्हणून गळ्यात घातलेला नाही. फसलो तो घरात.

माझे स्वतःचे नाव इथे लिहीत नाही. माझ्या आधी आईची चार मुले गेली होती. म्हणून मी जन्मलो तेव्हा तिने मला उकिरड्यावर ठेवले, एका शेजारणीने उचलून घरात आणले, आणि त्या उकिरड्यावरूनच माझे नाव पडले. मृत्यूला वाटावे ही घाण आहे, हिला हात कोण लावणार, अशी त्यामागची समजूत. मृत्यूने हात लावला नाही हे खरे. पण लोकांनी सोडले नाही. पोरवयात मी बाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहायचो, तेव्हा व्यापारी म्हणायचे, "ए, जरा वाऱ्याच्या खालच्या अंगाला हो, वास येतो." पुढे माझी स्वतःची दावण झाली, नावापुढे 'शेठ' लागले, तर त्या जोडीचे लोकांना आणखीच हसू यायला लागले. मी कोणाचे ऐकून घेणारा नाही. दोघातिघांच्या पागोट्याला हातही घातला. पण नाव काही बदलत नाही. ते अंगावरच्या डागासारखे राहते.

तेव्हाच मी ठरवले होते की माझ्या मुलांना लोकांनी मान वर करून हाक मारावी अशी नावे ठेवायची.

पहिला मुलगा झाला. मी चांगले नाव ठेवले. तो पहिल्याच उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी गेला. मग मुलगी झाली. तिचेही नाव मीच निवडले. तीही तशीच गेली, उन्हाळ्यातच. त्या दोघांची नावे मी इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा लढाई चालू होती, धान्य कंट्रोलमध्ये गेले होते. त्याच्या थोडे आधी मी कॅनॉलच्या साहेबाच्या बंगल्यावर गाडीची जोडी दाखवायला गेलो होतो. तिथे साहेबाचा चार वर्षांचा मुलगा ओट्यावर खेळत होता. शिपाई, गाडीवान, माळी, सगळे त्याला पूर्ण नावाने हाक मारत होते आणि हाक मारताना आपोआप सरळ उभे राहत होते. दिग्विजय. मी घरी येईपर्यंत वाटभर ते नाव तोंडात घोळवत आलो. शेणाचा वास त्या नावाला कधी लागणार नाही असे मला वाटले.

बायको बाळंतिणीच्या बाजेवर होती. मी सांगितले.

"काय म्हनालात?"

"दिग्विजय."

"दिगविजा?"

"अगं, नीट म्हण."

"माझी जीभ वळत न्हाई. पोराला हाक मारायची का मंत्र म्हनायचा?" मग ती हसायची थांबली. "अवो, या बारीला साधंच ठिवू. धोंड्या म्हना, दगड्या म्हना. न्हाईतर शेजारच्या मावशीला देऊ इकत. तिच्या पदरी नातवंडं जगल्यात."

इकत देणे म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ज्या घरात मुले जगत नाहीत त्या घरातले मूल दुसऱ्या बाईला कोंड्याच्या बदल्यात विकायचे. मूल राहते आईजवळच, तिचेच दूध पिते, पण ते आता तिचे नसते. नावही कोंड्यावरूनच ठेवायचे. म्हणजे मृत्यू त्या घरात शोधत आला, तर त्याला त्या घरचे मूल सापडत नाही.

मी भडकलो. "माझ्या आईने मला उकिरडा केला, आता तू माझ्या पोराला जनावराचं खाणं करणार? या घरात पुन्हा तसलं नाव निघालं तर बघ."

ती काही बोलली नाही. बाजारात समोरचा गप्प बसला की मी सावध होतो. घरात सावध झालो नाही.

पाचव्या दिवशी बाजार होता. मी बैल घेऊन गेलो आणि इकडे सौदा झाला. मावशी म्हणजे शेजारची विधवा म्हातारी. लोकांची दळणे दळून द्यायची, त्यामुळे कोंडा तिच्याकडे असायचा, आणि त्या दिवसांत कोंडाही कोणी फेकत नव्हते. तिने मापटे भरून, वर शीग लावून, म्हणजे काठावर ढीग ठेवून, कोंडा बायकोच्या पदरात ओतला. बायकोने मुलगा तिच्या ओटीत घातला. बाराव्या दिवशी बारशाला माझ्या बहिणीने मुलाच्या कानात दिग्विजय म्हटले, मी सगळ्या आळीला गूळ वाटला, आणि बायका पदराआड हसत होत्या. मला वाटले, आनंदाने हसतात.

दोन महिने मी एकटाच त्याला दिग्विजय म्हणत होतो. बाकीच्या बायका माझ्यामागे कोंडा, कोंड्या म्हणत. माझ्यासमोर नुसते बाळ म्हणत.

शिमगा झाल्यावर राहात्यात एका व्यापाऱ्याशी जुंपली. एका खोंडाचे दात, म्हणजे वय, त्याने एक सांगितले, निघाले वेगळे. मी त्याला चारचौघांत खोटा ठरवला. तो कासरा सोडवत म्हणाला, "लई शाना हायेस. तुझ्या बायकूनं तुझं पोरगं कोंड्याला काढलं, त्यात तुला दलाली मिळाली का न्हाई?"

सगळी दावण हसली. मी त्या दिवशी एकही जनावर न विकता घरी आलो.

बायकोने नाही म्हटले नाही. मुलाला पाजत होती, तशीच पाजत राहिली. "व्हय, दिला," म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"इचारलं असतं तर तुमी देऊ दिला असता?"

मी तिथून थेट मावशीच्या दारात गेलो. ती जात्यावर बसली होती. जाते थांबवले नाही. आता माझी अडचण अशी की आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटे धरायची, बोटांनीच काय ते ठरवायचे. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि माणसाची गरज किती आहे ते मला त्याच्या बोटांवरून कळते. म्हाताऱ्या विधवेचा हात कसा धरणार? सगळे उघड्यावर, दारात उभे राहून बोलावे लागले. शेजारणी बाहेर आल्याच होत्या.

"मावशी, माझा मुलगा परत दे."

"माजा हाय तो. मोजून कोंडा दिलाय."

"मालकाला न विचारता केलेला सौदा बाजारात मोडतात."

"आईपरीस मालक कोन रं?"

"एक शेळी देतो. दुभती."

"शेळी घिऊन मी काय करू? मला काय तुझा लेक खायाचाय?" तिने जाते थांबवले. "नांदू दे माज्या नावावर. लगीन ठरलं की देते परत. तवर तुझ्याकडंच हाय की."

मी ऐकले नाही. पंचांना बोलावीन म्हणालो, तिच्याकडे आळीतले कोणी दळण टाकणार नाही असे बघीन म्हणालो. तेव्हा ती उठली.

"ने बाबा. माप टाक आन् ने. पर पुन्हा माज्या दारात यिऊ नको."

मी घरातून गव्हाचा स्वच्छ कोंडा आणला. तिच्याच मापट्याने मोजला. मापटे भरले, वर शीग आली, आणि माझा तळवा आपोआप फिरला. शीग खाली पडली. वीस वर्षांची सवय. घेताना शीग लावून घ्यायची, देताना सपाट द्यायचे. म्हातारीने ते बघितले.

मी मुलगा उचलला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चल रे दिग्विजय, घरी."

आठव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या.

ऊन वाढले होते. राहात्याच्या डॉक्टरांनी बाटलीत औषध दिले. ते पोटात राहिना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे रडणे बंद झाले. मी हजारो जनावरे पाहिली आहेत. डोळे आत गेले, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, की मी त्या जनावराकडे पाठ फिरवतो. मुलाच्या पोटाची कातडी मी चिमटीत धरली. ती तशीच राहिली. टाळू खोल गेली होती, बोट मावेल इतकी. तिसऱ्यांदा मी हेच बघत होतो.

बायको रडत नव्हती. भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमी परत आनला. आता त्यो आपला झाला. आपलं जगत न्हाई."

मग म्हणाली, "शीगसुदिक कापलीत."

मुलाला धोतराच्या सोग्यात गुंडाळून मी भर उन्हात मावशीच्या दारात गेलो. जाते बंद होते. ती भाकरी खात होती.

"मावशी, घे याला. परत घे."

तिने मुलाकडे बघितले. "अरं, आजारी जनावर कोन घेतं? तूच सांग. तू घेतोस का?"

मी नाही घेत. कधीच घेतलेले नाही. एकदा एक कुणबी धापा टाकणाऱ्या बैलाचा कासरा माझ्या हातात कोंबून रडला होता, घरात पोरं उपाशी आहेत म्हणाला होता. मी कासरा खाली टाकला होता. मला तो माणूस आठवला.

"कोंडा नको. काहीच नको. नुसता घे."

"फुकट घेतलेलं टिकत न्हाई."

"मग काय देऊ? माग ना, मावशी. जोडी नेतेस? दावणीतली कुठलीही ने."

"बैल नगं." तिने हात धुतले. घरात जाऊन मूठभर कोंडा आणला. तेवढाच, मूठभर. "ह्ये माप. आन् नाव मी ठिवनार. पर त्ये तू म्हनायचं. तूच. हितं दारात हुभं ऱ्हाऊन. आळीला आयकू जाईल असं."

भावावर अडून बसणारी माणसे मी आयुष्यभर मोडून काढली. त्या दिवशी माझ्या हातात मोडायला काहीच नव्हते, हातात मूल होते आणि ते हलके होत चालले होते.

"कोंड्या," मी म्हणालो.

"आयकू आलं न्हाई."

"कोंड्या!" मी ओरडलो. "कोंड्या! मावशीचा कोंड्या! आमचा नाही हा! आमचं कोणी नाही!"

कुत्री भुंकायला लागली. पलीकडच्या घरातले लोक धावत आले, त्यांना वाटले मूल गेले. मी तसाच ओरडत होतो. मावशीने मुलाला माझ्या हातातून काढून घेतले तेव्हा मी थांबलो.

तिने त्याला चार दिवस आपल्याकडे ठेवले. तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, कापसाच्या बोळ्याने ओठांवर पिळायची. उलटली तर पुन्हा पिळायची. बायको तिथे जाऊन पाजून यायची. मला दारात येऊ दिले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला, मोठा, रागाचा. मी दावणीत एका बैलाच्या मानेवर डोके टेकून उभा राहिलो.

औषधाने वाचला, पेजेने वाचला की नावाने, मला माहीत नाही. मी पुन्हा परीक्षा घेतली नाही. दिग्विजय हा शब्द त्या दिवसापासून मी तोंडातून काढलेला नाही. आज पहिल्यांदा कागदावर काढतो आहे, आणि तेवढ्यानेही मला धास्ती वाटते.

मावशी दोन वर्षांपूर्वी वारली. झोपेतच गेली. लग्न ठरले की परत देईन असे म्हणाली होती, ते तसेच राहिले. आता मुलगा कोणाकडून परत घ्यायचा? ज्याच्याशी सौदा करायचा तो मालकच उरला नाही.

मुलगा यंदा शाळेत जायला लागला. गुरुजींनी हजेरीत तेच नाव लिहिले. गेल्या आठवड्यात तो घरी आला, पाटी आपटली आणि म्हणाला, "पोरं मला गव्हाणीपाशी उभं करतात. म्हनतात, म्हस आली, आता तुला खाईल. माझं असलं नाव कुनी ठिवलं?"

मी बायकोकडे बघितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या बाबानं. समद्या आळीनं आयकलंय."

मुलगा माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर जे होते ते मी ओळखतो. पोरवयात कासरा धरून उभा असताना माझ्या तोंडावर तेच असायचे. मी उठून बाहेर गेलो.

त्या नावाबद्दल मी तिला जाब विचारत नाही. ते मी म्हटले, ओरडून म्हटले, साक्षीदार आहेत. माझे विचारणे दुसरे आहे. तिने मुलगा विकला तो मी ठेवलेल्या नावापासून वाचवायला. म्हणजे आधीच्या दोघांबद्दल तिच्या मनात काय आहे ते उघड आहे. इतक्या वर्षांत तिने ते कधी उच्चारले नाही, आणि कधी नाकारलेही नाही. मी विचारले की ती उठून चुलीत लाकूड सारते, नाहीतर गुरांना पाणी दाखवायला जाते.

आता बस झाले. ती दोन नावे मी ठेवली होती, हौसेने ठेवली होती. त्या नावांनी माझी दोन मुले गेली का? हो की नाही, एवढेच तिने माझ्या तोंडावर सांगावे. भाकरी खाली ठेवून, माझ्याकडे बघून सांगावे.