फळीवर घोटलेली उत्तरं

माझा धाकटा भाऊ केस कापतो. दुकानात खुर्च्या दोनच, पण बडबड दहा खुर्च्यांची. डोक्यावर चार केस उरलेल्या गिऱ्हाइकालाही तो "दाट आहेत हो तुमचे" म्हणतो आणि ते चार केस असे काही वळवतो की माणूस आरशात बघून खूश होतो. आलेला माणूस बरा दिसूनच बाहेर पडला पाहिजे, एवढंच त्याचं शास्त्र. मी त्याला खोटारडा म्हणते. तो हसतो.

त्याची मुलगी साडेचार वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणतात, पण चिवचिवाट तेवढा ती करत नाही. मोजकं बोलते, तेही मनात असेल तर. मोठा आवाज झाला की स्वतःचा हात कडकडून चावते, दार उघडं दिसलं की सुसाट पळते. बालवाडीत ती टिकली ती सरकारने दिलेल्या मदतनीसमुळे. ही मदतनीस दिवसभर फक्त तिच्याजवळ असते आणि तिचा हात तोंडाकडे जायच्या आत धरते. मुख्य बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, मदतनीस असेल तर मुलगी इथे, नाहीतर आमचा नाइलाज आहे. आणि ती पुढच्या वर्षी मिळणार का, हे सरकारी मॅडम दरवर्षी येऊन, मुलीला बघून ठरवतात.

मॅडम यायच्या त्या दिवशी भावजयीला कामावरून सोडेनात, म्हणून मी बालवाडीत गेले. मदतनीस दारातच भेटली. दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, दादांना सांगा, चिमणी जशी आहे तशीच दिसू दे. फार शहाणी दिसली तर मला काढून घेतील."

"मग तूच सांग की त्याला."

"मी कशी सांगू? लोक म्हणतील, नोकरी वाचवतेय."

मी आत धावले, पण उशीर झाला होता. चिमणी नवा फ्रॉक घालून खुर्चीत ताठ बसली होती, केस नीट कापलेले, मांडीवर दुकानातला छोटा आरसा. भाऊ तिच्यामागे, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभा, गिऱ्हाइकामागे असतो तसा.

"तुझं नाव काय?" मॅडमनी विचारलं. चिमणीने सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. मग मॅडमनी तीन ठोकळे मांडले. "लाल, पिवळा, निळा," चिमणी एका दमात म्हणाली.

ही सगळी तयारी भावाची होती. गिऱ्हाईक नसलं की तो तिला खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसवायचा, लहान मुलांचे केस कापताना बसवतात तसं, आणि आरशात बघत तीच तीच उत्तरं घोटून घ्यायचा. मला वाटायचं, बापलेकीचा खेळ चाललाय. त्याला वाटत होतं, पोरगी पुढे गेलेली दिसली की सरकार खूश होऊन मदत चालू ठेवेल.

"खूपच प्रगती आहे," मॅडम म्हणाल्या. "हिला आता स्वतंत्र मदतनीस लागेल असं वाटत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला देता येईल."

भावाने फक्त प्रगती ऐकली. "थँक्यू मॅडम," तो छाती फुगवून म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "थँक्यू काय, मूर्खा! मदतनीस काढून घेतायत. चिमणी घरी बसेल!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम, म्हणजे... तसं येतं तिला सगळं, फक्त..."

"काय येत नाही?" मॅडमनी पेन उचललं. "स्पष्ट सांगा."

सगळ्या जगाशी बोलणारा माझा भाऊ चिमणीचे नीटच असलेले केस पुन्हा नीट करायला लागला. लेकीबद्दल वावगा शब्द त्याने कधी काढला नव्हता आणि दुसऱ्याला काढू दिला नव्हता. मदतनीस भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. मीच भडाभडा सांगणार होते, पण मॅडमनी मला हातानेच थांबवलं. "वडिलांना बोलू द्या."

"ती पाठ केलेलं म्हणते," तो शेवटी म्हणाला. "ठोकळे उलटे मांडून बघा."

मॅडमनी निळा आधी ठेवला. चिमणी म्हणाली, "लाल, पिवळा, निळा."

"दुखलं तर कुठे दुखतं ते सांगता येत नाही तिला. कानात पू झाला होता, ताप चढला तेव्हा आम्हाला कळलं. समोरून गाडी आली तरी थांबत नाही. अजून कपड्यात लघवी होते. मुलांना ढकलते, म्हणून कुणी तिला खेळायला घेत नाही." त्याचा आवाज चढत गेला. "एकटीला तिला काही म्हणजे काही जमत नाही, मॅडम!"

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. "मदतनीस चालू राहील," त्या म्हणाल्या.

मला रडूच फुटलं, इतकं हायसं वाटलं. भावाने हात पुढे केला. "चल, चिमणे."

चिमणीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती खुर्चीतून उतरली, मदतनीसचा हात धरला आणि वर्गाकडे निघून गेली.

बाहेर पायरीवर त्याने मला विचारलं, "अक्का, तिला कळलं असेल का गं, मी काय बोललो ते?"

त्याला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार होते. पण मग पोरीला काही कळत नाही, असंच मीही म्हटल्यासारखं झालं असतं.

"कळलं असणार," मी म्हणाले. "सगळं कळलं असणार."

तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. रडताना मान हलवत "हो, हो, कळतं तिला" म्हणत होता.