सातव्या कपाटातल्या नोंदी

मेघाली तामोरे हिला घाबरायला फारसं निमित्त लागत नाही. मुरबे गावातल्या घरातून निघताना ती गॅसचं बटण दोनदा बघते, बस यायच्या अर्धा तास आधी थांब्यावर जाऊन उभी राहते आणि सहीचा कागद समोर आला की आधी त्याची मागची बाजू वाचते. पालघरच्या ज्या कॉलेजात ती सतरा वर्षं सहायक ग्रंथपाल आहे, तिथली मुलं तिला पाठीमागे ‘सांभाळून मॅडम’ म्हणतात. तिच्या कानावर ते आलेलं आहे. तिला त्याचा राग येत नाही, कारण सांभाळून राहण्यात हसण्यासारखं काय, हेच तिला कळत नाही.

अशा बाईच्या हातून हे घडलं, म्हणून तर सांगायचं.

ग्रंथालयात पुस्तकांखेरीज आवाजांचा एक साठा होता. चारशे बारा ध्वनिमुद्रणं. आधीचे ग्रंथपाल बळवंत राऊत सर आणि मेघाली यांनी सहा-सात वर्षं हिंडून ती गोळा केलेली. सातपाटीच्या मासे विकणाऱ्या बायका, डोंगरातून वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं, तारापूरच्या कारखान्यांतले कामगार. प्रत्येकाची संगणकात एक नोंद होती, कोण बोललं, कुठे, कधी, कशाबद्दल. काही माणसं मोकळेपणानं बोलत, पण अट घालत की हे आत्ता कुणाला ऐकवू नका. जुन्या प्रणालीत तसं लिहायला रकानाच नव्हता. मग राऊत सरांनी शक्कल लढवली. नोंदीत पुस्तकांसाठीचा ‘कपाट क्रमांक’ हा रकाना होता, आणि ग्रंथालयात कपाटं होती सहा. सर म्हणाले, “ज्याला कुलूप हवंय त्याला सातवं कपाट देऊन टाकू.” ऐकायचं तर मेघालीच्या टेबलापाशीच यावं लागे, त्यामुळे हे बिनबोभाट चाललं. कुठे लिहून ठेवायची गरज दोघांनाही वाटली नाही. तीन वर्षांपूर्वी सर वारले, आणि सातवं कपाट एकट्या मेघालीच्या डोक्यात उरलं.

त्यात अडतीस नोंदी होत्या. एक खंडेराव मुसळे यांची. खंडेराव मूळचे गंगाखेडकडचे, बोईसरला येऊन बावीस वर्षं झालेली, तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांवर कामाला. भर पावसात कुठली झडप उघडली जाते, पाणी न गाळताच नाल्यात कसं सुटतं आणि तसं करायला कोण सांगतं, हे त्यांनी नावांनिशी सांगितलं होतं. वर म्हणाले होते, “मी रिटायर होईस्तोवर हे बाहेर पडायला नको, ताई. पोरगी शिकायचीय अजून.” मेघालीनं शब्द दिला. तो नाला ज्या खाडीला मिळतो, तिथलीच मासळी तिच्या आईनं जन्मभर सुकवली होती. आईलाही तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही.

यंदा कॉलेजनं जुनी प्रणाली मोडीत काढली. नव्या प्रणालीत हा साठा कुणालाही घरबसल्या ऐकता येणार होता. नोंदी जुन्या साच्यातून नव्यात घालायचं काम पुण्याच्या दर्पण नावाच्या अभियंत्याकडे होतं. त्यानं एकसष्ट ओळींचा तक्ता पाठवला. डावीकडे जुने रकाने, उजवीकडे त्यांची नवी जागा. मेघालीनं फूटपट्टी लावून तीन दिवस तो तपासला. आडनावं बिघडतील, गावं बदलतील, तारखांत दिवस आणि महिना उलटापालटा होतील, अशी तिला धास्ती होती. तारखांपायी तिनं दर्पणचं डोकं खाल्लं. चौपन्नाव्या ओळीत डावीकडे ‘कपाट क्रमांक’ होतं आणि उजवीकडे ‘गरज नाही’. तिच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची सहा लोखंडी कपाटं आली. आवाजाला कपाट कशाला हवं? सातवं कपाट तिच्या लेखी आकडा उरलंच नव्हतं, ती अडतीस माणसं होती. तिनं तक्त्याखाली सही केली.

नवी प्रणाली शनिवारी सुरू झाली. सोमवारी सकाळी मेघालीनं सहज ‘तारापूर’ लिहून पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं, आणि वाचनकक्षात आवाज घुमला, “माझं नाव खंडेराव मुसळे...”

तिनं स्पीकरची वायरच ओढून काढली. दोन-तीन मुलांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पडद्यावर नोंदीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ऐकले: ४’. एक तिचं. बाकीचे तीन कोण?

“तो सातचा आकडा चुकून पडलाय असं वाटलं, मॅडम,” दर्पण फोनवर म्हणाला. “तुमच्याकडे कपाटं सहाच आहेत ना? आणि तक्त्यावर तुमची सही आहे.”

“आहे. आधी सगळं बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला.”

जुन्या नोंदींची मूळ फाइल त्याच्याकडे होती. त्यानं तीतून कपाट क्रमांक सात असलेल्या अडतीस नोंदी काढल्या आणि एकेकीला कुलूप घातलं. चाळीस मिनिटांचं काम. ऐकणारे कोण होते, ते मात्र त्याला सांगता येईना. प्रणाली फक्त आकडा ठेवत होती.

मेघालीनं खंडेरावांना तीनदा फोन लावला. उचलला नाही. तिच्या मनात नाही नाही ते आलं. कुणी साहेबापर्यंत पोचवलं असेल, माणसाला घरी बसवलं असेल, घरी बसवण्यावरच थांबले नसतील. संध्याकाळी आई सुके बोंबील निवडत होती, तिच्यासमोर बसून मेघाली म्हणाली, “आये, एका माणसाला शब्द दिलेला, तो माझ्याकडून मोडला. फोन करतेय तर उचलत नाय.”

आईनं कुणाला आणि कसला ते विचारलं नाही. “फोन कशाला करतं? बोटीवरची वाईट खबर आमी घरी जाऊन देतो. तू पण जा.”

मंगळवारी अडीच वाजता ती कारखान्याच्या फाटकासमोर टपरीशी उभी होती. नाकात आंबूस वास जात होता. दुसऱ्या पाळीची माणसं येऊ लागली. त्यांत खंडेराव दिसले, हातात डबा घेतलेले, आणि तिच्या जिवात जीव आला. ती पुढे झाली.

“भाऊ, तुमचं बोलणं दोन दिवस सगळ्यांना उघडं होतं. चूक माझी. सही माझी होती.”

“ठाऊक हाय,” खंडेराव म्हणाले. “पोरगी तुमच्याच कॉलेजात हाय. ग्रुपवर लिंक आली, तिनं गंमत म्हणून आपलं आडनाव टाकून बघितलं. रविवारी तिनं ऐकलं, मंग मला ऐकवलं.”

“मग माझा फोन का नाही घेतलात?”

“बघत होतो, तुम्ही येता का ते.”

मेघालीला त्यांच्याकडे बघवेना. ती बोटांवर मोजू लागली. तिचं एक, पोरीचं एक, बापाला ऐकवलेलं एक.

“ऐकल्याचा आकडा चार आहे, भाऊ.”

खंडेरावांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. पोरीनं मैत्रिणीला दाखवलं का, हे त्यांनी आधीच विचारलं होतं. तिनं दाखवलं नव्हतं.

“पुसून टाकू का?” मेघालीनं विचारलं.

त्यांनी फाटकाकडे बघितलं. “भेव तर लई वाटतंय. पण पुसू नका. खोटं न्हाई त्यात काही. कुलूप तेवढं नीट लावा.” मग जाता जाता वळून म्हणाले, “रोज फाटकातून आत घेतलं की मिस कॉल देत जाईन. न्हाई आला तर समजा.”

भोंगा झाला. त्यांनी यंत्रावर कार्ड टेकवलं. काहीच झालं नाही. मागच्या माणसानं हळूच ढकललं. त्यांनी कार्ड सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवलं तेव्हा दांडा फिरला आणि ते आत गेले. मेघालीच्या हातातला फोन एकदा वाजून थांबला.

नव्या प्रणालीत कुलूप उघडायची तारीख घालायला वेगळा रकाना आहे. तिनं तिथे खंडेरावांच्या निवृत्तीची तारीख घातली आणि दिवस-महिना उलटा पडला नाही ना, ते पाच वेळा पाहिलं. ती तारीख सहा वर्षांनंतरची आहे. सातव्या कपाटाची गोष्ट तिनं कागदावर लिहून प्राचार्यांकडेही दिली. खंडेरावांची पाळी आठवड्याला बदलते, म्हणून टेबलाच्या काचेखाली तिनं पाळ्यांचा तक्ता ठेवलाय. त्यांची पाळी सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं उरली की तिचं नोंदीतलं लक्ष उडतं आणि ती फोन उताणा करून समोर ठेवते. तो एकदा वाजून थांबेपर्यंत तिला पुढची ओळ वाचता येत नाही.