लिंबावरच्या सात अळ्या

माझ्या हातून आजवर जे काही स्वच्छ झालं, ते नंतर मला कुठून तरी शोधून परत आणावं लागलं आहे.

सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि इस्लामपूरच्या घरात तिची खुर्ची परसदारी, लिंबाच्या कुंडीशेजारी स्थिरावली. पुण्याच्या लेकीनं तिला फुलपाखरं ओळखण्याचं पुस्तक पाठवलं. सुनंदाचं माहेर देवगडकडचं. समुद्राकाठच्या त्यांच्या वाडीत मोठं काळं-निळं नीलवंत फुलपाखरू रोज अंगणात यायचं म्हणे. इथं ते एकदाच आलं, आमच्या लिंबावर घिरट्या घालून गेलं. तेव्हापासून ती त्या कुंडीकडे टक लावून बसायची. मला वाटायचं, गुडघा दुखतोय.

एका सकाळी मला पानांवर चिमणीची घाण दिसली. (घरकाम मी मनावर घेतलं होतं. हातावर अजून यायचं होतं.) पाइप लावला, एकेक पान लख्ख केलं, वरून तंबाखूचं पाणी मारलं आणि शाबासकीसाठी उभा राहिलो.

"पानांवरचं काय केलंत?"

"घाण होती. धुतली."

"किती ठिकाणी होती?"

"सात."

"सातच होत्या माझ्या," ती म्हणाली.

मग तिनं पुस्तक उघडून दाखवलं. नीलवंताची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूनं फसून सोडून द्यावं म्हणून. निसर्गानं एवढ्या खटपटीनं जमवलेली युक्ती माझ्यावर पूर्ण लागू पडली, फक्त मी सोडून दिलं नाही!

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक मिटलं आणि खुर्ची आत घ्यायला सांगितली.

दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन कडेगावला चुलतभावाच्या, बापूच्या, लिंबाच्या बागेत पोचलो. हा पाठीला पंप अडकवून फवारतोय.

"बापू, थांब. मला अळ्या पायजेत."

"आवं आण्णा, अळ्यांचं औषध म्हणा की."

"औषध न्हाई रं. जित्त्या अळ्या. तुझ्या वहिनीसाठी."

बापूनं पंप खाली ठेवला. "ऑपरेशन गुडघ्याचंच झालंय न्हवं?"

फवारा न पोचलेल्या शेवटच्या झाडावर एकच अळी सापडली. येताना एसटीत डबा मांडीवर, झाकण किलकिलं.

"सांडंल की कालवण," शेजारचा म्हणाला.

"सांडत न्हाई. श्वास घेतंय."

तो उठून मागच्या सीटवर गेला.

खुर्ची पुन्हा परसदारी आली. सुनंदा स्वतः कोवळी पानं खुडून डब्यात घालू लागली. त्यासाठी कुंडीपर्यंत चार पावलं चालूही लागली. अळी हिरवी झाली, फुगली, कोषात गेली. आणि एका सकाळी बाहेर आलं ते काळं, अंगभर पिवळट ठिपके. निळं कुठंच नाही.

सुनंदानं पुस्तकात बघितलं, मग माझ्याकडे. "लिंबाळी आहे ही. गल्लोगल्ली दिसते."

"वाळल्यावर निळी होईल," मी म्हटलं.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लिंबाळी तिच्या बोटावर पंख सुकवत बसली आणि कुंपणापलीकडे उडून गेली.

दुपारी मी आत जेवताना चौथ्या भाकरीवर होतो. बाहेर ती लेकीशी फोनवर बोलत होती.

"नीलवंत नाही गं, लिंबाळी निघाली... बाबा? ते अजून अळीच आहेत. खाणं भरपूर, पंखांचा पत्ता नाही. पण राहू देत. धुऊन टाकवत नाही."